खो-खोच्या रांगेत एक पूडल

ती कुत्री आमच्या घरी आली तेव्हा तिचं काहीही करायची ताकद माझ्यात नव्हती, हे आधीच सांगते. नोकरीची शेवटची तीन-चार वर्षं उरली होती. परभणीहून रोज स्कूटीवर पिंगळीच्या पुढच्या एका गावातल्या शाळेत जायचं. तिथं मी खेळाची शिक्षिका, पण खेळ सोडून बाकी सगळं माझ्याकडं. कुणी रजेवर असलं की तो वर्ग माझा. कसली माहिती गोळा करायची असली की गावभर पायपीट माझी, कारण 'मॅडमला पळायची सवय आहे'. दोन्ही गुडघे झिजलेले. जिना उतरताना आधी कोणता पाय टाकायचा याचा विचार करावा लागायचा.

घरी आलं की नवऱ्याच्या पायाची पट्टी बदलायची. त्यांना साखरेचा आजार. बोटाला साधी जखम झाली, ती चिघळली आणि शेवटी ते बोट काढावं लागलं. जखम भरत आली होती, डॉक्टर म्हणत होते घरातल्या घरात चाला, पण ते पलंग आणि दारातली खुर्ची यापलीकडं जात नव्हते. पट्टी करताना ते भिंतीकडं बघायचे आणि मी पायाकडं. आमच्या दोघांत बोलणं म्हणजे 'दुखतंय का' आणि 'न्हाई', एवढंच उरलं होतं.

अशात धाकट्या बहिणीचा फोन आला. तिचा मुलगा पुण्याला असतो. त्याचं आणि त्याच्या बायकोचं पटेनासं झालं होतं, दोघं वेगळे झाले होते. भांडीकुंडी, फ्रीज, गाडी सगळं वाटून झालं आणि कुत्री तेवढी राहिली. दोघांच्याही नव्या घरमालकांना कुत्रं चालत नव्हतं.

"ताई, तुझं घर बैठं हाय, अंगण हाय. दोन महिने ठेव गं. मग तो घेऊन जाईल."

मी नको म्हणाले. दुसऱ्यांदा फोन आला तेव्हाही नकोच म्हणाले. तरी एका रविवारी भाचा दारात हजर. हातात कुत्रीची दोरी, काखेत तिची गादी. "मावशी, फार शहाणी आहे ती, काही त्रास देणार नाही," असं म्हणत त्यानं अर्धा कप चहा घेतला, तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि मान खाली घालून गाडीत जाऊन बसला. त्याचा चेहरा बघून मी दोरी दाराच्या कडीला बांधली.

पूडल जातीची कुत्री. रंग गुळासारखा, उंची गुडघ्याच्या जरा खाली आणि सगळ्या अंगावर बारीक कुरळी लोकर. समोरच्या घरातल्या आजीबाई फाटकाशी येऊन विचारून गेल्या, "बाई, मेंढी पाळली का काय?" पुण्यात तिला एक इंग्रजी नाव होतं, पण ते आमच्या दोघांच्या तोंडात बसेना. मी तिला नुसतं 'पोरी' म्हणायला लागले. शाळेतल्या मुलींनाही मी तसंच हाक मारते.

शहाणी होती, पण रिकामी होती. मी शाळेत गेले की ती अंगणात गोल गोल पळायची, मग घरात येऊन चपला चावायची. उशी फाडली. कापसाची पट्टी पळवली. संध्याकाळी मी दारात पाऊल टाकायच्या आत नवरा म्हणायचा, "हिचं काहीतरी कर. दिवसभर मी एकटा हिच्याशी भांडायलोय."

जनावरांच्या दवाखान्यात नेली. तिथले डॉक्टर रोज म्हशी आणि शेळ्या तपासणारे, पण तिला बघून खुश झाले. म्हणाले, "मॅडम, पूर्वी ही जात पाण्यात पडलेली बदकं आणायला पाळायचे. ही नुसती बसणारी न्हाई. हिच्या पायाला काम द्या आणि डोक्यालाही द्या. उड्या मारायला शिकवा, वस्तू शोधायला लावा. थकली की घरात शांत राहील."

"डॉक्टर, मीच थकलेय. माझं काय?"

ते हसले आणि त्यांनी जंताची गोळी दिली.

शेवटी एका शनिवारी सकाळच्या शाळेला मी तिला सोबत घेतलं. स्कूटीवर पायाशी ती दोन पायांत दाबून बसवली. वाटेत माणसं वळून बघत होती. शाळेत मुख्याध्यापक म्हणाले, "मॅडम, कुणाला चावली तर?" सगळी इंजेक्शनं झाली आहेत, मी जबाबदार आहे, फक्त मैदानावर ठेवते, असं मी सांगितलं. त्यांना माझ्याशी वाद घालायचा कंटाळा आला असावा. ते बरं म्हणाले.

आता मैदानाचं सांगते. आमच्याकडं खो-खोला मान आहे. मी स्वतः खो-खोच्या जिवावर नोकरीला लागलेली. या शाळेत मी आले तेव्हा सकाळी मैदानावर सरावाला वीस-वीस मुली यायच्या. पुढं कमी होत गेल्या. कुणाला शिकवणी, कुणाला घरचं काम, कुणाला नुसताच कंटाळा. त्या वर्षी पाच-सहाच उरल्या होत्या. खो-खोला आठजणी रांगेत बसायला लागतात, एकीचं तोंड इकडं तर दुसरीचं तिकडं, आणि नववी पाठलाग करते. पाच मुलींत कसली रांग होणार? मोकळ्या चौकोनांत मी विटा ठेवायचे आणि सराव घ्यायचे. मैदानावर चुन्याची फक्की मारताना मनात यायचं, कुणासाठी मारायलेय मी ही?

त्या शनिवारी मी कुत्रीला कडुनिंबाला बांधलं आणि एका मुलीला एकेरी साखळीचा सराव करायला लावलं. साखळी म्हणजे बसलेल्या मुलींच्या मधून नागमोडी पळत जायचं, एकीच्या पुढून, दुसरीच्या मागून. ही मुलगी आमच्यातली सगळ्यात चपळ. तिच्या घरी मेंढ्या, बारक्या शेताला जोडून बाप खतासाठी दुसऱ्यांच्या रानात मेंढरं बसवायचा. ती पळायला लागली आणि दोरीची गाठ सोडवून कुत्री तिच्यामागं धावली. मी ओरडले. पण कुत्री आडवी घुसली नाही. मुलगी जिथून वळली तिथूनच ती वळली. विटेच्या मागून, मुलीच्या पुढून, पुन्हा विटेच्या मागून. खांबापाशी मुलगी थांबली तेव्हा कुत्री जीभ बाहेर काढून तिच्याकडं बघत होती, आता पुढं काय, असं.

"मॅडम, हिला साखळी येतीय!"

"योगायोग हाय. पुन्हा पळ."

पुन्हा पळवलं. पुन्हा तसंच. तिसऱ्यांदा मुलगी पळालीच नाही. तिनं नुसता हात नागमोडी हलवला आणि कुत्री एकटी रांग पार करून गेली. बसलेल्या मुली टाळ्या वाजवत उठल्या. मीही कधी उठले ते कळलं नाही. गुडघ्यातून कळ आली तेव्हा कळलं.

सोमवारी मैदानावर दहाजणी होत्या. आठवडा संपेपर्यंत त्याहून जास्त. त्या खो-खोसाठी आल्या नव्हत्या, हे मला चांगलं कळत होतं, पण चौकोनात बसायला विटांपेक्षा मुली बऱ्या. मी खिशात भाजलेले शेंगदाणे ठेवायला लागले. बरोबर साखळी काढली की कुत्रीला दोन दाणे. मुलींनी बांबूच्या दोन काठ्यांवर तिसरी आडवी ठेवून उडी तयार केली. जुनं टायर उभं धरून त्यातून तिला पार करायला शिकवलं. शिकवलं म्हणजे तिनं त्यांना शिकवलं म्हणायचं. काठी नीट धरली नाही तर ती उडी मारायची नाही, बसून भुंकायची.

एक गोष्ट मुलींनी आपल्या मनानं शिकवली. खो-खोत मागून 'खो' दिला की बसलेली उठते आणि खो देणारी तिच्या जागी बसते. तर 'खो' म्हटलं की कुत्रीनं जागच्या जागी बसायचं आणि मागून कुणी पाठीला हात लावला की उठायचं. ती दोन दिवसांत शिकली. कुठंही पळत असो, 'खो' ऐकलं की खाली. मलाही हे सोयीचं झालं. रस्त्यावर मोकाट कुत्री दिसली की मी 'खो' म्हणायचे आणि ही मुकाट्यानं बसायची.

सोय एका बाजूला. दुसऱ्या बाजूला माझं काम दुप्पट झालं. पहाटे उठून नवऱ्याचा नाश्ता, गोळ्या, मग हिची भाकरी-अंडं, मग स्कूटी. दोन महिने झाले, तीन झाले. भाचा फोनवर 'पुढच्या महिन्यात बघतो मावशी' म्हणायचा. पुढं मीच विचारणं सोडलं.

तिच्या लोकरीनं मला सगळ्यात जास्त बेजार केलं. पुण्यात तिला म्हणे महिन्याला दुकानात न्यायचे, न्हाऊ घालून केस कापून द्यायचे. इथं कोण कापणार? मैदानाच्या कडेला आघाडा आणि गोखरू माजलेला. रोज संध्याकाळी मी पायरीवर बसून तिच्या अंगातले काटे काढायचे, आणि रोज अर्धे राहायचे. लोकरीच्या गाठी झाल्या. पोटाखाली कातडी लाल झाली.

त्या चपळ मुलीनं हे घरी सांगितलं असणार. एक दिवस शाळा सुटताना तिची आई मैदानावर आली. खांद्यावर पिशवी, पिशवीत मेंढरं कातरायची कातर.

"बाई, आणा तिला हिकडं. पोरगी म्हनती लय गाठी झाल्यात."

"चावेल हो."

"मेंढरू लाथ मारतंय, ही चावंल. त्यात काय?"

तिनं कुत्रीला मांडीत आडवं घेतलं, एका हातानं मान धरली आणि कातर चालवली. मुली भोवती गोल करून बसल्या. कुत्री आधी गुरगुरली, मग थरथरली, मग तिनं डोकं त्या बाईच्या गुडघ्यावर टाकून दिलं. गुळाच्या रंगाचा ढीग पडला. खालून निघाली ती अगदी वेगळीच कुत्री, काटकुळी, लांब पायांची, कान तेवढे मोठे. मुली हसून हसून लोळल्या. ती बाई लोकर हातात चोळून बघत होती. "मऊ हाय, पण घोंगडीला कामाची न्हाई," म्हणाली आणि हात झटकून उठली. मी चहाला थांबा म्हणाले. "मेंढरं रानात हायती," म्हणून ती गेली. पुढं दर दीड-दोन महिन्यांनी ती येत राहिली, आणि दर वेळी मी विचारायच्या आत निघून जात राहिली.

हिवाळ्यात परभणीत जनावरांचं प्रदर्शन भरलं. बैल, म्हशी, शेळ्या, आणि एका कोपऱ्यात कुत्र्यांची स्पर्धा. मोठ्या शहरातून आलेल्या कुणा प्रशिक्षकानं आडव्या काठ्या, कापडी बोगदा आणि रोवलेल्या खांबांची रांग असं मैदान लावलं होतं. ही बातमी मुलींनीच आणली. मी नको म्हणाले. मला त्या रविवारी झोपायचं होतं. खरंच, त्या दिवसांत मला दुसरी कसलीही इच्छा नव्हती. पण मुलींनी वर्गणी काढून जीप ठरवली, घरून परवानग्या आणल्या आणि मग मी न जाऊन कसं चालेल?

गर्दी खूप होती. लोकांना शर्यतीची शिकारी कुत्री बघायची होती. आमची नुकतीच कातरलेली पूडल आत आली तेव्हा कुणीतरी ओरडलं, "ए, कोकरू आलं रे!" मी तिच्यासोबत आत गेले. नियम असा की माणसानं बाजूनं पळत खुणा करायच्या. मी पळू शकत नव्हते, म्हणून भराभर चालले.

पहिली काठी तिनं उडी मारून ओलांडली, दुसरीही. बोगद्याच्या तोंडाशी ती अडली. असलं काही तिनं पाहिलंच नव्हतं. मी दुसऱ्या टोकाशी जाऊन वाकले आणि 'पोरी' म्हणाले. ती आतून सरपटत आली आणि माझ्या तोंडावर आदळली. लोक हसले. मग खांबांची रांग. मी हात नागमोडी हलवला आणि ती घुसली. इतक्या वेगात ती आमच्या मैदानावरही कधी पळाली नव्हती. खांब तिच्या खांद्याला लागून मागं वाकत होते. हसणारे लोक टाचा उंचावून बघायला लागले. परीक्षकही दोन पावलं पुढं आले.

आणि तेवढ्यात दोरीपलीकडून आमच्या पंधरा मुली एका सुरात ओरडल्या, "खोऽऽ!"

त्यांचा काही दोष नव्हता. जीव वर आला की आमच्याकडं तेच तोंडातून निघतं. कुत्री रांगेच्या अगदी मध्यावर, दोन खांबांच्या मधे, टेकून बसली. शेपटी हलवत. कुणी तरी तिच्या पाठीला हात लावून तिला उठवील म्हणून वाट बघत. स्पर्धेत कुत्र्याला हात लावायची मुभा नव्हती, म्हणून मी 'चल, चल' म्हणत राहिले, पण तिचा नियम म्हणजे नियम. तिच्यासाठी उठायचं ते पाठीला हात लागल्यावर, आणि हात लावायला मागं कुणी नव्हतं.

परीक्षक जवळ आले. भले माणूस होते. म्हणाले, "मॅडम, छान आहे कुत्री. पण तशीही ती बाद झाली असती. रांगेत शिरताना पहिला खांब कुत्र्याच्या डाव्या खांद्याला हवा. ही उलट्या बाजूनं शिरली."

"आमच्याकडं कुठूनही शिरलेलं चालतं," मी म्हणाले.

"कशात?"

"खो-खोत."

मग त्यांनी वाकून कुत्रीच्या पाठीला हात लावला आणि ती उठली.

जीपमध्ये मुली रडायला लागल्या. एकमेकींना दोष देणं चाललं होतं, तू पहिल्यांदा ओरडलीस, न्हाई तूच. चपळ मुलगी कुत्रीला मांडीवर घेऊन खिडकीबाहेर बघत होती. मी त्यांची समजूत काढायला पाहिजे होती. मी डोळे मिटून घेतले. पिंगळीचं रेल्वेफाटक लागलं होतं, जीप बराच वेळ उभी होती. कुणीतरी हळूच म्हणालं, "मॅडमला झोपू द्या गं." मग सगळ्या गप्प झाल्या. तेवढी शांत झोप मला त्या वर्षात दुसरी आठवत नाही.

उन्हाळा लागता लागता कुत्री लंगडायला लागली. पळता पळता मागचा एक पाय उचलायची, दोन-चार उड्या तीन पायांवर, मग पुन्हा नीट. मला वाटलं काटा गेला असेल. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी पाय दाबून, वळवून बघितला. म्हणाले, "गुडघ्याची वाटी सरकायलीय. लहान जातींत होतं हे. उड्या बंद. ते टायर, काठ्या, साखळ्या सगळं बंद. हळू चालवा, वजन वाढू देऊ नका."

"माझ्या डॉक्टरनं मला हेच सांगितलंय," मी म्हणाले. यावेळी तेही हसले नाहीत.

शाळेत सांगितल्यावर मुली हिरमुसल्या. नव्या वर्षी मैदानावर हळूहळू पांगापांग झाली. कुत्री नसेल तर कशाला यायचं? तरी काहीजणींना एव्हाना पळायची गोडी लागली होती. तालुक्याच्या सामन्यांपर्यंत संघापुरत्या नऊजणी उरल्या असत्या तर बरं झालं असतं. पण उरल्या आठ. नववी म्हणून मी एका मुलीला वर्गातून ओढून नेलं. तिला अजिबात यायचं नव्हतं आणि खो मिळाला की ती उलट्या दिशेला पळायची. पहिल्याच सामन्यात हरलो. पण त्या चपळ मुलीला बाद करायला समोरच्या संघाला घाम फुटला. ती साखळी काढत होती तेव्हा शेजारी बसलेले दुसऱ्या शाळेचे सर मला म्हणाले, "हिला कुणी शिकवलं?" सांगायला फार वेळ लागला असता, आणि ऊन फार होतं.

घरी मात्र प्रश्न तसाच होता. पळणं बंद, पण डोकं रिकामं. पुन्हा चपला, पुन्हा उशा. मला डॉक्टरांचं पहिल्या दिवशीचं बोलणं आठवलं, वस्तू शोधायला लावा. पण ते कोण लावणार? मी संध्याकाळी येऊन पायरीवर बसले की उठवत नव्हतं.

एका संध्याकाळी मी फाटक उघडलं तर नेहमीची खुर्ची रिकामी. आतून नवऱ्याचा आवाज आला, "शोध. शोध की. तिकडं न्हाई, येडे." मी आत डोकावले. ते भिंतीला हात धरून माजघरात उभे होते, पायात डॉक्टरांनी दिलेली जाड चप्पल. कुत्री नाक जमिनीला लावून फडताळापासून पाण्याच्या पिंपापर्यंत फिरत होती.

"काय चाललंय?"

"तू मधी बोलू नको. रुमाल लपवलाय. तिला वासानं काढायचाय."

"कुठं लपवलाय?"

"तुला सांगितलं तर तू तिकडं बघशील आणि तिला कळंल. लय चालू हाय ही."

मी गुपचूप उभी राहिले. कुत्री पिंपाभोवती दोनदा फिरली, थांबली, मग वळून पलंगाखाली शिरली आणि तोंडात रुमाल घेऊन बाहेर आली. नवऱ्यानं खिशातून दोन शेंगदाणे काढले. म्हणजे हे बरेच दिवस चाललं होतं. मला कुणी सांगितलं नव्हतं.

"आता बाहेर नेऊन बसव तिला," ते म्हणाले. "पुन्हा लपवतो. आता जरा अवघड जागी."

आणि ते निघाले, एका खोलीतून दुसऱ्या खोलीत, तिथून स्वयंपाकघरात, परत माघारी. डब्यामागं ठेवून बघितला, काढला, दाराच्या मागं खोचला, तोही पसंत पडला नाही. इतकं ते कित्येक महिन्यांत चालले नव्हते. मी त्यावर एक शब्द काढला नाही. बोलले असते तर ते बसले असते.

मी कुत्रीला घेऊन पायरीवर आले. तिचे कान आतल्या आवाजाकडं लागले होते आणि अंग माझ्या पायावर रेललं होतं. लोकर पुन्हा वाढली होती, बोटात एक गोखरू लागला. मी तो काढला. दुसरा शोधता शोधता खांबाला डोकं टेकलं आणि माझा डोळा लागला.

जाग आली तेव्हा कुत्री शेजारी नव्हती. पायरीवर चहाचा कप ठेवलेला, त्यावर साय धरलेली. आतून आवाज येत होता, "न्हाई, न्हाई, वर बघ. वर." मी साय बोटानं बाजूला केली आणि तो गार चहा बसल्या जागी पिऊन टाकला.